घेणें आणि न घेणें

वाशीम येथील आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक पत्र पाठविलें. हे गृहस्थ महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवितात, आणि व्हाइटहेड नांवाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथांतील कांहीं प्रकरणें मराठींत उतरविण्याचा उद्योग त्यांनीं आरंभिला आहे. त्या उद्योगांत ते एका क्रियापदापाशीं येऊन अडले. तें क्रियापद म्हणजे ‘प्रिहेंड’. ‘धरणें, पकडणें, घेणें, आकळणें, सर्व लावून पाहिलें, एकहि नीट बसत नाहीं. आपण कांहीं सुचवाल काय?’ असें त्यांनीं विचारलें होतें. चार ओळींचें उत्तर लिहून मोकळें व्हावें, या विचारानें आम्ही कोश उघडले. परंतु शब्दाच्या मागें जातां जातां आम्ही फिरून त्यांच्याच गांवांत, आणि तेंहि सोळाशें वर्षांहून अधिक जुन्या वाशिमांत, जाऊन पोंचलों. तेव्हां पत्राचें उत्तर वाचकांसमक्षच देणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

प्रथम त्या परकी पाहुण्याची थोडी विचारपूस करूं. ‘प्रिहेंड’ हा शब्द सामान्य इंग्रजाच्या तोंडीं नाहीं. हातानें धरणें या अर्थाच्या ‘प्रिहेंडेरे’ या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला. मूळचा साधा शब्द इंग्रजींत कधींच फारसा रुळला नाहीं. त्याचीं उपसर्ग लागलेलीं भावंडें मात्र चांगलीं नांदतीं राहिलीं. ‘काँप्रिहेंड’ म्हणजे समजून घेणें, ‘अॅप्रिहेंड’ म्हणजे चोरास पकडणें, मर्म जाणणें आणि पुढील संकटाची धास्ती घेणेंहि. उमेदवारी करणाऱ्या शिकाऊ मुलास ‘अप्रेंटिस’ म्हणतात, तो विद्या पकडणारा. आणि तुरुंगास ‘प्रिझन’ म्हणतात, तें पकडलेल्यांस ठेवण्याचें ठिकाण. एकाच घरांतून शाळेची वाट निघावी आणि कोठडीचीहि निघावी, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या माकडांची शेपटी फांदीस हातासारखी विळखा घालते, त्यांच्या शेपटीस याच धातूवरून विशेषण लावतात. (आपल्याकडील वानरांस ही कला साधत नाहीं, ती अमेरिकेंतील कांहीं जातींची.) लॅटिन धातूचें जें खरें बीज, त्याचाच एक अंकुर म्हणजे इंग्रजींतील ‘गेट’ हें रोजच्या वापराचें क्रियापद, आणि ‘फर्गेट’, म्हणजे विसरणें, याचा मूळ भाव हातची पकड सुटणें असा आहे.

या अडगळींतल्या शब्दास व्हाइटहेडनें पुन्हां उजेडांत आणलें. हा केंब्रिजचा गणिती. १९२४ सालीं उतारवयांत अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकविण्यास गेला, आणि १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’ या ग्रंथांत त्यानें ‘अॅप्रिहेन्शन’ या शब्दाचा पहिला अवयव छाटून ‘प्रिहेन्शन’ हा शब्द आपल्या कामास लावला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : एक वस्तु दुसरीस आपल्या ठिकाणीं सामावून घेते, ती दर वेळीं जाणूनबुजून घेते असें नव्हे. जाणिवेच्या अगोदरहि एक घेणें आहे. पुढें १९२९ च्या ‘प्रोसेस अँड रिअॅलिटी’ या ग्रंथांत त्यानें याचे दोन भेद केले. एकांत वस्तु आंत घेतली जाते, दुसऱ्यांत ती निश्चितपणें वगळली जाते. हें वगळणें म्हणजे नुसता अभाव नव्हे. काय घेतलें नाहीं यावरूनहि घेणाऱ्याचें रूप ठरतें. आमच्या स्नेह्यांची अडचण मुख्यतः या दुसऱ्या भेदापाशीं होती. ‘न घेणें हेंहि एक घेणेंच, हें मराठींत कोणत्या तोंडानें सांगूं?’ असें त्यांनीं पत्राच्या समासांत लिहिलें होतें.

आपल्या भाषांत या कामाचा वडील धातु ‘ग्रह्’. वेदांत त्याचें जुनें रूप ‘ग्रभ्’ असें आढळतें. ऋग्वेदांतील विवाहसूक्तांत वर वधूचा हात धरतो तो ‘गृभ्णामि’ असें म्हणून. इंग्रजींतील ‘ग्रॅब’ हा काहीसा हिसकावून घेण्याचा शब्द आणि हा विवाहमंत्रांतला शब्द एकाच मूळचे, असें भाषाशास्त्रज्ञ बहुधा मानतात. ग्रह् धातूचा परिवार तर लॅटिनपेक्षांहि मोठा. आकाशांतले ग्रह, सूर्याचें ग्रहण, पाण्यांतला ग्राह, बाजारांतला ग्राहक. शिवाय संग्रह, आग्रह, अनुग्रह, निग्रह, विग्रह, परिग्रह. बृहदारण्यकांत आर्तभाग याज्ञवल्क्यास विचारतो, ग्रह किती आणि अतिग्रह किती? याज्ञवल्क्य सांगतो, आठ ग्रह आणि आठच अतिग्रह. डोळा हा ग्रह, आणि रूप हा त्याचा अतिग्रह. हात हे ग्रह, आणि कर्म हा त्यांचा अतिग्रह. डोळा रूपास धरतो खरा, पण धरतां धरतां रूपच डोळ्यास धरून बसतें. हार्वर्डच्या तत्त्ववेत्त्यास हा संवाद नक्कीच आवडला असता.

येथपर्यंत आमचें उत्तर कोशांतलेंच होतें. परंतु ‘न घेणें’ हा शब्द मनांत घोळत असतां आम्हांस वाशीमच्या ताम्रपटांची आठवण झाली, आणि मग पुढील सर्व दिवस त्यांच्याच वाचनांत गेले.

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे, त्या अर्थीं हें गांव फार पूर्वींपासून नांवाजलेलें. तथापि हें वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेचें राजधानीचें ठिकाण होतें, ही गोष्ट पक्की ठरली ती १९३९ सालीं. त्या वर्षीं वाशीम येथें सांपडलेले ताम्रपट श्री. य. खु. देशपांडे व श्री. द. ब. महाजन यांनीं विद्वानांपुढें मांडले. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांचा बारकाईनें अभ्यास केला, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखाचें ब्यूलरनें केलेलें वाचन त्यांच्या आधारें सुधारलें, आणि वत्सगुल्म शाखेची वंशावळ नीट लावून दिली. त्यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा १९५७ सालचा मराठी ग्रंथ ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं तो अवश्य पुन्हां चाळावा. या ताम्रपटांचा दाता विंध्यशक्ति दुसरा. त्यानें आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं वत्सगुल्माहून हें दान दिलें. काळ स्थूलमानानें चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. नंदिकड, म्हणजे मिराशींच्या मतें आजचें नांदेड, याच्या उत्तरेकडील विभागांतील आकासपद्द नांवाचें गांव त्यानें अथर्ववेदी ब्राह्मणांस दिलें.

गांव देणें म्हणजे काय देणें? जमीन उचलून कोणी देत नाहीं. शेतकरी जेथल्या तेथेंच राहतो, विहीर जेथल्या तेथें. राजा देतो तो आपला घेण्याचा हक्क. म्हणून अशा ताम्रपटांत दानाचें वर्णन थोडें, आणि राजा यापुढें काय काय घेणार नाहीं याची यादी लांबलचक. वाशीमच्या पत्रांत ही यादी ‘अ’ या अक्षरानें आरंभ होणाऱ्या शब्दांची एक माळच आहे. त्या माळेंत एक शब्द असा : ‘अपुप्फक्खीरग्गहणि’. फुलें आणि दूध यांचें ग्रहण जेथें होणार नाहीं, असें गांव. आमच्या स्नेह्यांस हवें असलेलें ‘निश्चितपणें न घेणें’ त्यांच्याच गांवच्या तांब्यावर, त्याच धातूनें कोरलेलें होतें.

या यादीवर वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. फुलें आणि दूध ऐकतांना फार गोड वाटतात; जणुं राजास पूजेसाठीं कोणी प्रेमानें आणून देत आहे. पण पुढचे शब्द वाचीत गेलें म्हणजे चित्र पालटतें. शिपायांनीं गांवांत शिरूं नये. अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठीं एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास गांवच्या बैलांची पाळी लावूं नये. कातडीं आणि कोळसा मागूं नये. खाट आणि चूल पुरविण्यास लावूं नये. मिठावरील राजाचा हक्क या गांवीं चालवूं नये. धान्य व रोकड मागूं नये. हें सर्व वगळल्यावर मग गांवांतील ठेवा, गुप्त धन वगैरे ब्राह्मणांच्या स्वाधीन केलें आहे. ही माफीची यादी उलटी धरून वाचावी, म्हणजे आकासपद्दाच्या शेजारच्या, माफी न मिळालेल्या गांवांचा दिनक्रम डोळ्यांपुढें उभा राहतो. तेथें शिपाई शिरत होते. तेथील बैल ऐन नांगरणींत दुसऱ्याच्या गाडीस जुंपले जात होते. तेथील गवळणीनें काढलेलें दूध कोणाच्या तरी तळावर जात होतें. इतिहासांत या गांवांविषयीं एक ओळहि नाहीं. जें कळतें तें शेजाऱ्याला मिळालेल्या सवलतीवरून. आमच्या आजोबांच्या पिढीस या यादींतील पुष्कळ कलमें ओळखीचीं वाटलीं असतीं. साहेबाचा तळ गांवाबाहेर आमराईंत पडला कीं दूध, सरपण आणि गाड्या कोणाकडून निघत, हें त्यांना कोणी ताम्रपटांतून सांगावयास नको होतें. वेठ हा शब्दहि ‘विष्टि’ या ताम्रपटांतल्या शब्दाचाच वंशज होय.

कित्येक लेखक अशा दानपत्रांवरून त्या काळच्या राजांची उदारता वर्णन करितात, आणि कित्येक त्यांतून केवळ लूट दाखवितात. आम्हांस दोन्ही मतें घाईचीं वाटतात. ज्या राज्यास आपण काय घेतों याची इतकी तपशीलवार यादी करतां येत होती, त्याचें घेणें निदान मोघम नव्हतें. परंतु शेतकऱ्याच्या बाजूनें पाहतां एक प्रश्न उरतोच. राजानें फुलें आणि दूध घेण्याचें सोडलें, म्हणजे तें गवळ्याच्या घरीं राहिलें, कीं नव्या धन्याच्या घरीं गेलें? संस्कृतांत ब्राह्मणानें दान स्वीकारण्यास ‘प्रतिग्रह’ म्हणतात. एका हातानें ग्रहण सोडलें, दुसऱ्या हातानें प्रतिग्रह झाला. धातु एकच राहिला, हात तेवढा बदलला. दुसऱ्या शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनानें अमरावती जिल्ह्यांतील चम्मक हें गांव दिलें, त्या ताम्रपटांत तर राजा आणखी एक पाऊल पुढें जातो. ब्राह्मणांनीं राज्यद्रोह करूं नये, चोरी करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. दिल्यास हें दान परत घेणाऱ्या राजास चोरीचा दोष लागणार नाहीं, असें तेथें बजावलें आहे. देतांनाच परत घेण्याचें दार किलकिलें ठेवण्याची ही सावधगिरी आजच्या एखाद्या वकिलासहि शोभली असती.

आतां भाषेकडे वळूं. वाशीमच्या पत्रांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत आहे, आणि दानाचा, म्हणजे व्यवहाराचा, भाग प्राकृतांत. पूर्वजांची थोरवी देववाणींत सांगावी. पण दूध कोणी घ्यावें हें लोकांच्या कानांस कळणाऱ्या भाषेंत लिहावें, अशी ही वांटणी दिसते. चम्मकच्या पत्रांत सगळें संस्कृतच आहे, आणि तेथें फुलांदुधाच्या माफीस ‘सन्दोह’ असा शब्द योजला आहे. त्यांत दोहनाचा, धार काढून जमविण्याचा भाव अधिक. संस्कृतानें जणुं गाय दाखविली, प्राकृतानें घेणाराचा हात दाखविला. आम्हांस हातच अधिक खरा वाटतो.

‘ग्रहण’ याचें ‘गहण’ होणें हा प्राकृताचा नेहमींचा नियम. पण या धातूनें प्राकृतांत आणखीहि रूपें धारण केलीं. वररुचि आणि बाराव्या शतकांतील हेमचंद्र या दोघांहि व्याकरणकारांनीं त्याचें ‘गेण्ह’ असें रूप सांगून, ‘घेऊन’, ‘घेण्यासाठीं’, ‘घेण्यास योग्य’ अशा अर्थाच्या प्रत्ययांपूर्वीं तें ‘घेत्’ असें होतें, अशी नोंद केली आहे. कर्मणींत ‘घेप्प’ हें रूप येतें. ज्ञानेश्वरींत (१२९०) ‘घेपे’ हा शब्द वारंवार भेटतो, तो याच घराण्यांतला. मुलें कधीं कधीं विचारतात, देणें याचें दिला होतें, नेणें याचें नेला होतें, मग घेणें याचें ‘घेला’ कां होत नाहीं? घरोघरीं या प्रश्नास ‘असेंच असतें’ असें उत्तर मिळतें. खरें उत्तर असें, कीं ‘घेतला’ मधील तो ‘त’ म्हणजे त्या प्राकृत ‘घेत्’ चा उरलेला अवशेष होय. मराठीच्या जडणघडणीवर झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें ग्रंथ लिहिला, आणि त्याचें मराठी भाषांतर वा. गो. परांजपे यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. असे प्रश्न विचारणारीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत, त्यांनीं तें जवळ ठेवावें. शके ७०० च्या, म्हणजे इसवी सन ७७९ च्या, सुमारास उद्द्योतनसूरीनें ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथेंत देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्या बोलीची गंमत केली आहे. प्रत्येक देशच्या माणसास त्यानें थोड्याशा शब्दांवरून ओळखलें. मरहट्ट्यांस ज्या शब्दांवरून ओळखलें, ते दोन शब्द म्हणजे ‘दिलेलें’ आणि ‘घेतलेलें’. आमच्या भाषेची पहिली ओळख परक्या कानांस पटली ती देण्याघेण्यावरून, हें कोणास कमीपणाचें वाटेल. आम्हांस त्यांत कमीपणा दिसत नाहीं. ती बाजारांतली ओळख आहे, आणि बाजारांत मनुष्य दुसरें काय बोलणार?

वत्सगुल्माची प्राकृतावरील प्रीति केवळ दानपत्रापुरती नव्हती. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्याचें ‘हरिविजय’ हें माहाराष्ट्री प्राकृतांतील काव्य आज नष्ट झालें असलें, तरी अलंकारशास्त्रकारांनीं केलेल्या उल्लेखांवरून त्याची योग्यता कळते. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त काव्याच्या एका रीतीस ‘वच्छोमी’ म्हटलें आहे, तें या वत्सगुल्मावरूनच. त्याच राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त एक मनोहर कथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला, आणि गौरीनें निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्यास वश करण्यासाठीं देशोदेशीं त्याच्या मागोमाग फिरली. पूर्वेकडे तो वळला नाहीं, इतरत्रहि पुरता वळला नाहीं. अखेर विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, मदनाच्या क्रीडास्थानीं, त्यानें तिच्याशीं गांधर्वविधीनें विवाह केला. शब्दानें अर्थाचा हात धरला तो वाशिमांत, असें म्हणण्यास राजशेखराची हरकत नसावी. आज पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या किती जणांस हें ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे. हें गांव इंग्रजी अमदानींत जिल्ह्याचें ठिकाण झालें, १९०५ सालीं तो मान गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्याचे दोन भाग होऊन तो परत मिळाला. लोकांच्या बोलण्यांत हा मान अधिक येतो, आणि राजशेखराचा मान येत नाहीं. कचेरीचें काम रोज पडतें, काव्यमीमांसेचें पडत नाहीं, त्यास इलाज नाहीं.

प्राकृत आणि मराठी यांमधील दुवा म्हणजे अपभ्रंश, आणि त्याचा ठेवा याच जिल्ह्यांत कारंजा येथें जैन मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतकें जपलेला होता. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील पोथ्यांवरून विसाव्या शतकांत जे ग्रंथ छापून निघाले, त्यांनीं भाषेच्या इतिहासांतील एक मोठी पोकळी भरली. डॉ. प. ल. वैद्य यांनीं पुष्पदन्ताचें ‘जसहरचरिउ’ १९३१ सालीं संपादिलें, डॉ. हीरालाल जैन यांनीं १९३३ सालीं ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ सालीं ‘करकंडचरिउ’ प्रसिद्ध केलें. अपरिग्रह, म्हणजे जवळ कांहीं न बाळगणें, हें व्रत मानणाऱ्या लोकांनीं हा संग्रह सांभाळला. पोथ्यांस कसर लागूं नये म्हणून त्या फडक्यांत घट्ट बांधून ठेवण्याची जी रीत, तिला आमच्या मतें घेणें म्हणावें कीं न घेणें, हा प्रश्न आमच्या तत्त्वज्ञ स्नेह्यांवरच सोंपवितों.

एवढें सर्व लिहून आम्ही त्यांस आमची सूचना कळविली. ‘धरणें’ यांत बळ आहे, ‘पकडणें’ यांत पोलीस आहे, ‘आकळणें’ यांत बुद्धि आहे. जाणिवेच्या अलीकडचें घेणें यांपैकीं एकांतहि मावत नाहीं. तेव्हां वाशीमच्या तांब्यावरील जुना ‘गहण’ उचलून ‘गहणें’ असें क्रियापद करावें, आणि वगळण्याच्या प्रकारास ‘अगहण’ म्हणावें. मराठीनें तो धातु कधींच टाकलेला नाहीं. गिऱ्हाईक त्यांतलें, माणसास धरणारा गिऱ्हा त्यांतला. आपला शब्द आपल्या गांवांतच पुरलेला असतां लॅटिनच्या दारीं कां जावें, असेंहि आम्ही जरा ऐटीनें लिहिलें.

आठ दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें. ताम्रपटाची गोष्ट त्यांना फार आवडली. विद्यार्थ्यांस घेऊन एकदां पद्मतीर्थावर बसून ती सांगणार आहेत. शब्दाविषयीं मात्र त्यांनीं एक अडचण काढली. भाषांतराचें पहिलें पान ते नेहमींप्रमाणें आपल्या वडिलांस वाचून दाखवीत होते. वडील शेतकरी, रिसोडकडचे, आणि हयातीचीं बरींच वर्षें सावकार व बँक यांच्या कागदांत गेलेलीं. ‘गहणें’ हा शब्द येतांच त्यांनीं चष्मा काढला आणि विचारलें, ‘गहाण? कोणाचें वावर?’ मोल्सवर्थच्या कोशांतहि गहाण हा शब्द ग्रहणापासूनच आलेला दिला आहे, हें मुलानें त्यांना समजावून सांगितलें. वडील म्हणाले, ‘मग बरोबरच हाय कीं.’ स्नेह्यांनीं तूर्त त्या जागीं ‘घेणें’ हाच शब्द लिहून पान पुढें उलटलें आहे.